उलट्या दारांचा फिचा

रविवारी सकाळी सर्बियातल्या वर्शात्स गावातली निम्मी माणसं चर्चमध्ये असतात आणि उरलेली अंथरुणात. रादोयका एर्देल्यान यांपैकी कुठंच नसायची. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून लोकांचा खोटेपणा शोधत बसायची. आठवडाभर औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं विकायची, नि रविवारी हे. तिचा नवरा तिहोमिर यायच्या-जायच्या माणसाला सांगायचा, "लोकांच्या बायका रविवारी सूप करतात, माझी पंचनामे करते."

पंचनामे असायचे फिचांच्या जाहिरातींचे. फिचा म्हणजे या देशाची जुनी, वीतभर गाडी. इंजिन मागं, सामान पुढं, आणि माणसं मध्ये कशीबशी कोंबलेली. तिचं उत्पादन बंद होऊन जमाना लोटला. पण एके काळी घरटी कुणी ना कुणी तिच्यात बसून, वाटेत दोनदा ओकून समुद्र बघून आलेलं असल्यामुळं लोक आता तिच्यासाठी वेडे झाले आहेत. आणि जिथं वेडे जमतात तिथं त्यांना लुबाडणारे आपोआप येतात, त्यांना आमंत्रण लागत नाही.

फिचावाल्यांच्या क्लबचं फोनवर एक पान होतं, आणि त्यावर दर रविवारी रादोयकाचं 'चाळण' नावाचं सदर. आठवड्यात नेटवर आलेल्या जाहिराती ती चाळायची. खोटीला लाल फुली, खरीला हिरवी खूण, आणि खाली दोन-चार ओळींत कारण. तिची नजर मोठी वाईट. भर जुलैत 'फोटो कालच काढले आहेत' म्हणणाऱ्याच्या कुंपणावर तिला बर्फ दिसायचा. चार गावच्या चार गाड्यांशेजारी तोच एक कानतुटका कुत्रा दिसायचा. विकणारा नेहमी जहाजावर नोकरीला, नाहीतर परदेशात कुठल्याशा इस्पितळात पडलेला. गाडी नेहमी कुठल्याशा बंदरात अडकलेली, आणि इसाराची रक्कम मात्र आजच्या आज पाठवायची. "हे लोक निदान आजार तरी नवे शोधतील की नाही!" असं ती लिहायची आणि लोक पोट धरून हसायचे. तिच्या हिरव्या खुणेवर विसंबून लोकांनी गाड्या घेतल्या होत्या आणि कुणी फसलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला झिवान मेच्किचची जाहिरात आली. झिवान तिचा कुम होता. लग्नात साक्षीला तो उभा राहिला होता आणि पुढं मुलीच्या बाप्तिस्म्यात पोरीला हातावर घेऊनही तोच. सख्ख्या भावाशी माणूस बांधावरून भांडतो, कोर्टात जातो. कुमाशी कुणी भांडत नाही. कुमाच्या घरी किंमत विचारत नाहीत, वजन करून बघत नाहीत, आणि त्यानं सांगितलेल्या गोष्टीला 'खरंच का?' असं म्हणत नाहीत. ती त्याला कुम म्हणायची, तो तिला कुमा. एकदा हे नातं लागलं की बारशाची नावं मागंच पडतात.

झिवानचं गावाबाहेर, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी गॅरेज होतं. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण हल्ली पत्रा ठोकून सरळ करायला येतो कोण? वाकला की काढून नवा टाकतात. तर या झिवाननं पांढरा फिचा विकायला काढला होता, एकसष्ट सालचा, मूळ अवस्थेतला, उलट्या दारांचा. सुरुवातीच्या फिचांची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असत आणि पुढून उघडत. पुढं ती पद्धत बदलली. म्हणून उलट्या दारांचा फिचा दिसला की क्लबातली मोठमोठी माणसंही लहान मुलांसारखी वागायला लागतात.

रादोयकानं ते फोटो बघितले, पण लग्नाचे फोटो बघतात तसे, हसतमुखानं. अंगण झाडलेलं आहे, निळ्या फाटकाला रंग दिलाय, कुम जरा वाळलाय. एवढं बघून तिनं हिरवी खूण ठोकली आणि लिहिलं, 'या माणसाच्या हातून आलेल्या गाडीला माझ्या खुणेची गरज नाही, तरी देते.' त्याआधीचा अख्खा हिवाळा झिवान तिला गॅरेजकडे फिरकू देत नव्हता. "धूळ आहे गं, मीच येतो कॉफीला," म्हणायचा. या गोष्टीचंही तिला काही वाटलं नाही.

पुढं दोन आठवड्यांनी तिच्या चाळणीत एक गंमतच सापडली. कुणीतरी इंग्लंडातून आणलेला फिचा विकत होतं. फिकट हिरवा, साठ सालचा, दारं उलटी आणि स्टिअरिंग उजवीकडे! इथं स्टिअरिंग डावीकडे असतं हे शेंबडं पोरही जाणतं. रादोयकाला तेवढंच पुरलं. कुणाचे तरी फोटो चोरून आरशातल्यासारखे उलटे केले होते, म्हणजे शोधणाऱ्याला मूळ फोटो सापडायला नकोत. नंबरप्लेट पुसलेली, मागचं सगळं कापलेलं, रंगही बदललेला. स्टिअरिंग चुकीच्या बाजूला गेलं तेव्हा भामट्यानं त्यावर इंग्लंडचं ठिगळ लावलं होतं.

एवढ्यावर थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या दिवशी ती रंगात आली होती. तिनं फोटो मोठा करून दार बघितलं. दाराच्या मागच्या खांबाजवळ चकचकीत रंगात कुंपणाचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि तिथं त्या सरळ काठ्या मध्येच लाटेसारख्या वाकल्या होत्या. म्हणजे रंगाखाली पुट्टी भरलेली. तिनं कारखान्याचा जुना फोटो शेजारी ठेवला. वरची बिजागरी भलतीकडेच. म्हणजे नेहमीच्या, नव्या फिचाची दारं कापून, फिरवून, वेल्डिंग करून हा 'जुना' बनवला होता. तिला हर्षच झाला. तिनं लिहिलं, 'क्रमांक तीन. फोटो चोरीचे, हे तर झालंच. पण मंडळी, ज्या गाडीचे फोटो चोरले ती गाडीही बनावट आहे! इंग्लंडला हा फिचा बहुधा पोहत गेला असावा. ज्या कुणी ही दारं फिरवली त्याला वेल्डिंग उत्तम येतं. फक्त लाज येत नाही.'

लोक हसून बेजार झाले. तिहोमिरनं ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. आता कुणी म्हणेल, उलट्या दारांचे फिचे देशात बोटांवर मोजण्याइतके, मग तिला झिवानचा आठवायला नको का? आठवायलाच हवा होता. पण औषधाच्या दुकानात जसे खण असतात तसे माणसाच्या डोक्यातही असतात, आणि कुमाची गाडी तिच्या डोक्यातल्या 'तपासायच्या' खणात कधी पडलीच नव्हती.

सोमवारी झिवान दुकानात आला. एरवी तो यायचा तो थेट काउंटरमागं शिरून स्टुलावर बसायचा. आज तो रांगेत उभा राहिला. पुढं दोन म्हाताऱ्या, एक खोकणारा गृहस्थ, मग झिवान.

"काय रे, आज रांगेत?" रादोयका हसली.

"डोकेदुखीचं काहीतरी दे, कुमा. तुझ्या तीन नंबरासाठी."

"वाचलंस? तो इंग्लंडवाला? अरे, काय एकेक नमुने असतात!"

"वाचलं. फोटो जरा सुलटा करून बघ."

त्यानं स्वतःचा फोन काउंटरवर ठेवून तिच्याकडे सरकवला. तीच गाडी होती, पांढरी. तेच दार, तेच कुंपण, पण सुलटं. आणि कडेला, भामट्यानं जिथून कापलं होतं तिथं, नुकतंच रंगवलेलं निळं फाटक. रादोयकानं फोन हातात घेतला. मागं आणखी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं आणि घसा खाकरत होतं. तिनं मदतनीस बाईला काउंटरवर बसवलं आणि झिवानला मागच्या खोलीत नेलं.

"झिवान, हे काय आहे?"

"नावानं हाक मारू नकोस. बाहेर लोक आहेत, त्यांना वाटेल आपण भांडतोय."

"आपण भांडतोच आहोत!"

"अजून नाही," झिवान म्हणाला आणि औषधांच्या खोक्यावर बसला. "ऐक. कागद खरे आहेत, एकसष्टचे. आलिबुनारकडच्या एका कोठारात सांगाडा मिळाला, त्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. हात लावला की गंजाचा भुगा पडायचा. पण कागद शाबूत. आता कागद आहेत आणि गाडी नाही, हे काय बरं दिसतं?"

"मग?"

"मग माझ्याकडे ब्याऐंशीचा एक फिचा पडून होता. दारं फिरवली. जुन्या सांगाड्यावरचा चासी नंबराचा पत्रा कापून ह्याला बसवला. तीन हिवाळे गेले, कुमा. कारखान्यातसुद्धा असं काम कुणी केलं नसेल. तुला तरी कळलं का? फोटो चोरीचा आहे म्हणून तू खोड काढायला बसलीस, तेव्हा कळलं."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्त झोंबलं.

"जाहिरातीत 'मूळ अवस्थेत' लिहिलंस."

"जाहिरातीत लोक काय काय लिहितात, ते मी तुला सांगू?"

"आणि मी खाली हिरवी खूण दिली! माझ्या नावानं! मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

झिवाननं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "तुझ्याशी मी कधी खोटं बोललेलो नाही. मी रोज वाट बघत होतो, आज फोन करेल, म्हणेल, कुम, ती बिजागरी अशी का रे? तू कुठली करतेस! खूण ठोकून मोकळी झालीस. मग मी म्हटलं, असू दे."

"कुमाला असं विचारतात का?"

"नाही विचारत," झिवाननं कबूल केलं. "म्हणून तर राहून गेलं."

मग त्यानं मागायचं ते मागितलं. भामट्याला तिनं हव्या तितक्या शिव्या घालाव्यात. फक्त गाडी बनावट असल्याची आणि वेल्डिंगची, एवढी वाक्यं काढून टाकावीत. शनिवारी शाबात्सहून एक बेकरीवाला ट्रेलर घेऊन येणार होता, बोलणं पक्कं झालं होतं.

"आणि ते लाज येत नाही म्हणून लिहिलंस ना," दाराशी जाऊन तो म्हणाला, "येते. पण काम सुंदर झालंय."

डोकेदुखीची गोळी तो विसरूनच गेला.

रादोयकानं त्या संध्याकाळी ती वाक्यं काढली. कुणीतरी विचारलंच, मजेशीर भाग कुठं गेला? तिनं लिहिलं, विनोद जरा जास्तच झाला होता. झिवानच्या जाहिरातीखालची हिरवी खूण तशीच होती. ती काढायला तिनं दोनदा फोन उघडला आणि दोनदा बंद केला. इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं, आणि आता आपल्याच खुणेकडे बघायची तिला शरम वाटत होती.

गुरुवारी दुकानात फोन आला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मागं कुठंतरी यंत्र घरघरत होतं.

"नमस्कार बाई, मी ओब्राद, शाबात्सचा बेकरीवाला. तुम्हाला त्रास देतोय. त्या पांढऱ्या फिचाचं विचारायचं होतं, शनिवारी न्यायला येतोय. बायको म्हणते, आधी कुणा जाणकाराला नेऊन दाखव. मी तिला म्हटलं, अगं, रादोयकाबाईंनी हिरवं दिलंय! बरोबर ना?"

"तुम्ही स्वतः बघितलीत का गाडी?"

"मी बघून काय करू? मला पीठ कळतं. गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नाही, बाई. मला तुमचं हिरवं कळतं."

हीच वेळ होती सांगायची. रादोयकाच्या जिभेवर आलंही होतं. पण फोनवरून, कुमाच्या पाठीमागं, त्याचं गिऱ्हाईक परतवायचं? उद्या त्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार?

"शनिवारी किती वाजता पोचताय?" एवढंच ती म्हणाली.

जेवताना तिनं तिहोमिरला सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"बेकरीवाल्याला सांग, येऊ नकोस."

"कुमाच्या पाठीमागून?"

"मग कुमाला सांग, विकू नकोस."

"त्याला काय करायला हवं ते त्याला ठाऊक आहे. मी सांगितलं तर तो म्हणेल, बरं, आणि मला कॉफी पाजेल. आणि विकेल."

"मग गप्प बस. खूण हळूच काढून टाक. जग काही बुडत नाही."

"त्या माणसानं ती आधीच बघितलीय. आता काढून काय उपयोग?"

तिहोमिर टेबलावर सांडलेले भाकरीचे कण बोटानं गोळा करत राहिला. थट्टा करणारा माणूस गप्प झाला की घर कसं मोठं मोठं वाटायला लागतं. शेवटी तो म्हणाला, "बाप्तिस्म्याच्या वेळी पोरगी रडून निळी झाली होती. पाद्री, तू, मी, सगळे हरले. कुमाच्या हातावर गेली आणि गप्प झाली. एवढं लक्षात ठेव आणि तुला काय करायचं ते कर."

"तेच तर लक्षात आहे," रादोयका म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

शनिवारी ती तिच्या लाल फिचातून गॅरेजवर गेली. ती येणार हे झिवानला माहीत नव्हतं. वारा असा सुटला होता की मळ्यातल्या तारा शीळ घालत होत्या. अंगणात पांढरी गाडी उभी होती, आणि रादोयकानं ती पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघितली. ती खरोखर सुंदर होती. पत्र्यावर कुठं डाग नाही, दाराची फट पोरीच्या भांगासारखी सरळ. फोटोत वाकलेलं प्रतिबिंबही आता दिसत नव्हतं, म्हणजे गेल्या चार दिवसांत त्यानं तेवढं घासून पुन्हा रंगवलं होतं. तिच्याच पंचनाम्यावरून. तिला रडावं की हसावं ते कळेना.

बेकरीवाला ओब्राद आधीच पोचला होता. गुबगुबीत, गोरापान, डोळ्यांत झोप आणि तोंडभर हसू. त्यानं बरोबर मोठी गोल भाकर आणली होती, स्वच्छ फडक्यात बांधलेली, अजून कोमट.

"बाई! तुम्ही स्वतः आलात! बघितलंत, मी बायकोला म्हटलं होतं!" तिचा हात हातात घेऊन तो हलवतच राहिला.

झिवान तिच्याकडे बघत होता. स्टुलावर रकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, दोन ग्लास भरून ठेवले होते. त्यानं आत जाऊन तिसरा आणला.

ओब्रादनं उलटं दार उघडलं, चुकीचा पाय आधी आत घातला, अडकला, स्वतःशीच हसला आणि पुन्हा नीट बसला. स्टिअरिंग धरून त्यानं तोंडानं गाडीचा आवाज काढला. पन्नाशीचा माणूस, पण लाजला नाही. मग बाहेर येऊन हात पँटला पुसले आणि म्हणाला, "चला, यजमान. आता हातावर हात."

हातावर हात पडला आणि वर ग्लास रिकामा झाला की सौदा झाला. मग कुणी मागं फिरत नाही. झिवाननं ग्लास उचलला. ओब्रादनं हात पुढं केला.

"कुम," रादोयका म्हणाली, "ही गाडी एकसष्टची आहे का?"

तिचा आवाज तिलाच परका वाटला. परक्या माणसासमोर, कुमाच्या अंगणात, त्याच्या हातात ग्लास असताना तिनं त्याला विचारलं होतं. असं कुणी विचारल्याचं तिनं आजवर ऐकलंही नव्हतं.

झिवाननं तिच्याकडे बघितलं. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. प्रतिबिंब पुसलेलं होतं, कागद खरे होते, ओब्रादला पीठ कळत होतं. त्यानं 'हो' म्हटलं असतं तर तिला तिथंच त्याला खोटं पाडावं लागलं असतं, आणि ते आपल्याकडून होईल याची तिला खात्री नव्हती. झिवाननं ग्लास स्टुलावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

ओब्रादचा हात अजून पुढंच होता.

"कागद एकसष्टचे," झिवान त्याच्याकडे वळून म्हणाला. "नंबराचा पत्रा एकसष्टचा. बाकी सगळी गाडी ब्याऐंशीची. दारं मी फिरवली."

ओब्रादनं हात खाली घेतला. आधी झिवानकडे, मग तिच्याकडे बघितलं.

"मग बाई, तुमचं हिरवं?"

"मी न बघता दिलं होतं. हा माझा कुम आहे, म्हणून मी बघितलंच नाही. ह्यानं मला फसवलं नाही, ओब्राद. मी तुम्हाला फसवलं."

तिनं तिथंच फोन काढला आणि दोघांच्या देखत हिरवी खूण काढून लाल फुली मारली. कारणाच्या जागी लिहिलं, 'मी तपासली नव्हती.' बोटं गारठली होती, दोनदा लिहावं लागलं.

ओब्राद ट्रेलरच्या काठावर जाऊन बसला. "हे पोलिसांत देण्यासारखं आहे," तो म्हणाला, पण ओरडून नाही, दमून.

"आहे," झिवान म्हणाला.

मग ओब्राद उठला, पांढऱ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "आहे मात्र देखणी," तो म्हणाला. "पण मला एकसष्टची हवी होती हो." तो ट्रकात चढला, पुन्हा उतरला, भाकर आणून स्टुलावर ग्लासांच्या शेजारी ठेवली. भाकर कुणी परत नेत नाही. रिकामा ट्रेलर खडखडत फाटकातून बाहेर गेला आणि त्याचा आवाज रस्त्यावर बराच वेळ येत राहिला.

झिवाननं एकेक ग्लास उचलून रकिया परत बाटलीत ओतली.

"कुम—"

"आज कुम नको म्हणूस," तो म्हणाला. "आज मला राग येऊ दे."

"येऊ दे."

"परक्या माणसासमोर विचारलंस."

"एकट्याला विचारलं असतं तर तू मला खरं सांगितलं असतंस, आणि त्याला गाडी विकली असतीस."

झिवाननं बाटलीला बूच लावलं. त्यानं खरोखरच विचार केला.

"हो," तो म्हणाला. "विकली असती."

आणि पाठ फिरवून तो गॅरेजात गेला. रादोयकाला तेव्हा कळलं की आजच्या दिवसात त्यानं तिला दोनदा खरं सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यात त्याचं नुकसानच होतं. या माणसाला लबाड म्हणावं की सच्चा, हे ठरवायला तिची चाळण उपयोगाची नव्हती.

ती आपल्या गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकलं. तिसऱ्या वेळी खोकलंही नाही. अशा वेळी खाली उतरून त्याला हाक मारायची, तर काय म्हणून मारायची? ती स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिली.

गाडी एकदम हलली. आरशात तिला टोपी दिसली. झिवान दोन्ही हात लावून मागून ढकलत होता.

"क्लच दाब!" तो ओरडला. "दुसऱ्या गिअरात टाक! आता सोड! सोड म्हणतो ना!"

तिनं क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि इंजिन धडधडायला लागलं. आता थांबायची सोय नव्हती. थांबली असती तर ते पुन्हा बंद पडलं असतं आणि पुन्हा ढकलायला त्यालाच यावं लागलं असतं. आज त्याच्याकडून आणखी काही घ्यायची तिची हिंमत नव्हती. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि डोळे पुसत उताराला लागली.